स्वतःबद्दल चार बरे शब्द

'गेल्या वर्षभरातील आपली उल्लेखनीय कामगिरी' असा एक रकाना असतो आणि त्याच्याखाली एक रिकामी चौकट. चौकटीत कर्सर लुकलुकत असतो. वर्षभर रात्री-अपरात्री राबलेला मराठी माणूस या चौकटीसमोर आला की सगळं विसरल्यासारखा बसून राहतो. काय केलं बुवा आपण वर्षभर? ऑफिसला गेलो. घरी आलो. मधे दोनदा सर्दी झाली.

माझी भाची हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत आहे. एरवी तिचा फोन येतो तो दिवाळीला, नाहीतर वाकडच्या पुलावर गाडी अर्धा तास जागची हलली नाही की. मार्चमध्ये मात्र आठवड्यातून दोनदा येतो. "मामा, तू आता मोकळाच असतोस ना?" अशी सुरुवात झाली की मी समजतो, अप्रेझलचा फॉर्म आला. मी आयुष्यभर एका सरकारी बँकेत होतो. कॉम्प्युटरातलं मला काही कळत नाही, पण स्वतःबद्दल लिहायला न जमणं हा विषय मी अनुभवाने जाणतो, अशी तिची खात्री आहे.

या वर्षी तिने आधीच काहीतरी लिहून ठेवलं होतं. वाचून दाखवलं. टीमला निरनिराळ्या कामांत मदत केली. दिलेली कामं वेळेत पूर्ण करण्याचा प्रयत्न केला. बऱ्याच नव्या गोष्टी शिकायला मिळाल्या. सगळं इंग्रजीत होतं, पण त्या इंग्रजीच्या आतून सदाशिव पेठ स्वच्छ ऐकू येत होती.

"प्रयत्न केला म्हणजे? काम वेळेत झालं का नाही?"

"झालं की. चार दिवस आधी झालं."

"मग तसं लिही."

"तसं कसं लिहू, मामा? बरं दिसतं का ते?"

हे 'बरं दिसतं का ते' आमच्या घराण्यात तीन पिढ्या तरी चालत आलेलं आहे, आणि बहुतेक तुमच्याही. शाळेत पहिला आलेला मुलगा शेजारी उभा असताना त्याची आई शेजारणीला सांगते, "बरा आहे हो अभ्यासात." यात दृष्ट लागेल ही भीती थोडी, आणि पोरगं शेफारेल ही जास्त. कुणी साडी छान म्हटली की नेसणारी लगेच खुलासा करते, "कसली छान, सेलमधली आहे." कुणी भरतकाम केलेला रुमाल पाहून वा म्हटलं तर रुमाल उलटा करून मागचे चुकलेले टाके दाखवले जातात. अशा घरात वाढलेल्या मुलीला एक दिवस कंपनी सांगते, बाई गं, आता पाचशे अक्षरांत स्वतःचा पराक्रम लिही. ती लिहिणार कसा?

शिवाय या संकोचाला धर्मग्रंथाचा आधार आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खांच्या लक्षणांचा. त्यात समर्थांनी स्वतःच स्वतःची स्तुती करणाऱ्याला मूर्खांच्या यादीत घातलं आहे. आणि पळवाट नको म्हणून त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्यालाही. म्हणजे स्वतःबद्दल बोलायचं नाही आणि घराण्याबद्दलही नाही. मग मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटल्यावर उरतं काय? नाव, गाव आणि छंद.

बँकेत असताना काही वर्षं मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसायची वेळ माझ्यावर आली होती. आमची मुलं आत येत, खुर्चीच्या कडेवर बसत आणि स्वतःबद्दल सांगायला सांगितलं की आधी वडिलांची नोकरी सांगत, मग आई गृहिणी असल्याचं, मग बहिणीचं लग्न झाल्याचं. स्वतःची पाळी यायच्या आत वेळ संपलेली असे. छंद वाचन. अलीकडे काय वाचलं विचारलं की छंद क्रिकेट. पण तोच मुलगा 'तुमचे दोष सांगा' या प्रश्नाला विलक्षण फुलायचा. इथे त्याला कुणी अडवलेलं नव्हतं. मला राग पटकन येतो, सकाळी लवकर उठवत नाही, इंग्रजी जरा कच्चं आहे, आणि आकडेमोडीत मी थोडा घोळ घालतो. बँकेच्या मुलाखतीत! बाकीची शहाणी मुलं याच प्रश्नाला 'मी कामात जरा जास्तच काटेकोर आहे, हाच माझा दोष' असं तोंडपाठ उत्तर देऊन नोकरी घेऊन जात. आमच्यातला मुलगा खरंखरं सांगून घरी जाई, आणि मुलाखत छान झाली, मोकळेपणाने बोललो, असं वडिलांना सांगे.

आमच्या काळी नोकरीत शिरल्यावर हा त्रास संपायचा. पुढे तुमच्याबद्दल जे काही लिहायचं ते साहेब लिहीत, आणि काय लिहिलं ते तुम्हाला कळत नसे. गोपनीय अहवाल. सरकारी खात्यांत नुसतं 'सीआर'. ते लिहायचे दिवस जवळ आले की ऑफिसातली हवा बदलायची. एरवी साडेदहाला येणारी माणसं दहाला पाच कमी असताना मस्टरवर सही करत. साहेबांच्या केबिनमध्ये फाइल घेऊन जाण्यासाठी दोघा-तिघांत चढाओढ लागे. साहेबांना मुंबईतल्या कुठल्या दुकानातलं लोणचं आवडतं, ही माहिती शिपायाकडे असे, आणि त्या महिन्यात शिपायाला फार मान असे.

अहवालातला शेरा प्रतिकूल असला तरच कर्मचाऱ्याला कळवायचा, अशी तेव्हाची रीत. काही कळवलं नाही म्हणजे ठीक चाललंय असं समजायचं. हा तर आमच्या घरातलाच कायदा होता. आई काही बोलली नाही म्हणजे भाजी जमली.

या कायद्याला पुढे थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. सीमेवर रस्ते बांधणाऱ्या संघटनेतल्या एका कार्यकारी अभियंत्याची ही गोष्ट आहे. बढतीसाठी पाच वर्षांच्या अहवालात 'व्हेरी गुड' असणं आवश्यक होतं. त्यांना १९९३-९४ या एका वर्षी नुसतं 'गुड' मिळालेलं. ते त्यांना कुणी कळवलं नाही, कारण 'गुड' ही काही निंदा नव्हे. आणि त्याच 'गुड'मुळे बढती हुकली. न्यायालयाने मे २००८ मध्ये निकाल दिला की शेरा वाईट असो, बरा असो की उत्तम, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. आणि जिथे 'व्हेरी गुड' लागतं तिथे 'गुड' हा शेरा परिणामाने प्रतिकूलच ठरतो. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने या अहवालाच्या नावातून 'गोपनीय' हा शब्द काढला आणि पूर्ण अहवाल संबंधिताला दाखवायचा, असं ठरवलं. मला तो निकाल वाचून शेजारणीला 'बरा आहे हो' म्हणणारी ती आई आठवली. तिच्या पोराचंही कुठेतरी असंच अडलं असेल.

खाजगी कंपन्यांत मात्र शेरा दाखवण्याची नव्हे, तो वाटून देण्याची भानगड आहे. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे १९८१ ते २००१ प्रमुख असलेले जॅक वेल्च यांनी एक हिशेब मांडला होता. माणसांतली वरची वीस टक्के डोक्यावर घ्यायची, मधली सत्तर टक्के सांभाळायची आणि खालच्या दहा टक्क्यांना निरोप द्यायचा. तो हिशेब थोड्याफार फरकाने जगभर गेला. आपल्याकडे त्याला बेल कर्व्ह म्हणतात आणि मार्च-एप्रिलमध्ये हिंजवडीतल्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नसतो. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही क्रमवारीची पद्धत सोडली, आणखीही काहींनी सोडली म्हणतात. पण सोडल्यावरही पैसे तेवढेच असतात आणि माणसं तेवढीच, त्यामुळे कुणाला किती हे कुठेतरी ठरवावं लागतंच.

ते कुठे ठरतं, हे मला भाचीनेच सांगितलं. तिचा मॅनेजर बंगळूरला असतो. तो आणि त्याच्यासारखे आणखी मॅनेजर एक दिवस कॉलवर बसतात. प्रत्येकापुढे आपापल्या माणसांची यादी. सर्वोत्तम रेटिंग मोजकीच असतात आणि मागणारे सगळेच. एकेका नावाला दीड-दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात मॅनेजरने सांगायचं की या मुलीला ते का द्यावं. बाकीचे म्हणतात, आमच्याकडच्या मुलाने त्यापेक्षा जास्त केलंय. मग ओढाताण. ज्या मुलीचं वर्ष तिथे ठरतंय ती त्या वेळी कॅन्टीनमध्ये उपमा खात असते.

हे ऐकून मला हायसंच वाटलं. कारण यातलं एक दृश्य आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. मराठी माणूस आपलं कौतुक आपल्या तोंडाने करत नाही हे खरं, पण आपलं कौतुक होऊच नये असं काही त्याला वाटत नसतं. ते दुसऱ्याने करावं, एवढीच अट. म्हणून तर लग्नाच्या बायोडेटात 'निर्व्यसनी, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष' वगैरे मजकूर मावशी घालते. ज्या मुलीने आयुष्यात कुकर लावलेला नाही तिला गृहकृत्यदक्ष लिहिताना मावशीचा हात कापत नाही. आणि व्याख्यानमालेत काय होतं? कार्यक्रमाच्या सुरुवातीला पाहुण्यांचा परिचय करून द्यायला एक प्राध्यापक उभे राहतात. पाहुण्यांची पुस्तकं, पुरस्कार, परदेश दौरे वाचून दाखवतात. पाहुणे नजर पायाच्या अंगठ्यावर ठेवून, जणू हे कुणा भलत्याच माणसाबद्दल चाललंय, अशा चेहऱ्याने ऐकत असतात. तो मजकूर त्यांनीच आदल्या आठवड्यात टाइप करून पाठवलेला असतो. एखादा पुरस्कार वाचायचा राहिला तर भाषणाच्या ओघात ते तो स्वतः आणतात.

"तुझा फॉर्म म्हणजे तो मजकूर," मी भाचीला म्हणालो. "परिचय तुझा मॅनेजर करून देणार आहे. त्याच्या हातात तू काय कागद देणार? 'प्रयत्न केला'?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "सचिनने कुठे असं काही लिहून दिलं होतं?"

हिला हे कुठून सुचतं! पण प्रश्न बिनतोड होता. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर सचिन तेंडुलकरने निरोपाचं भाषण केलं तेव्हा घराघरांत माणसं टीव्हीसमोर उभी होती. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधली शंभर शतकं नावावर असलेला तो माणूस हातात कागद घेऊन बोलतो, आणि त्या कागदावर असतात आभार मानायच्या माणसांची नावं. कुणी राहायला नको म्हणून यादी करून आणलेली. आई, वडील, काका-काकू, बहीण, भाऊ, बायको, मुलं, मित्र, डॉक्टर. एका शतकाचा उल्लेख नाही. मराठी मध्यमवर्गाने वर्षानुवर्षं ज्या अप्रेझलची वाट पाहिली ते हे होतं. आमच्या डोळ्यांत पाणी आलं ते क्रिकेट संपलं म्हणून अर्धं, आणि पोरगं संस्कार विसरलं नाही म्हणून अर्धं.

पण भाचीला मी म्हणालो की तो हे बोलत होता त्या मैदानावर भला मोठा स्कोअरबोर्ड होता. त्याने काय केलं ते रोज त्याच्यावर लागत होतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येत होतं. धावा कुणी मोजायच्या ही काळजी त्याला कधीच नव्हती. तुझ्या खुर्चीच्या डोक्यावर असा काही बोर्ड लावलेला आहे का? नसेल तर धावाही तूच काढायच्या आणि टिपायच्याही तूच.

त्याच भाषणात सचिनने आपले प्रशिक्षक आचरेकर सरांबद्दल जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकोणतीस वर्षांत सर त्याला एकदाही 'वेल प्लेड' म्हणाले नव्हते, मुलगा समाधानी होऊन मेहनत सोडेल या भीतीने. आता पुढे सामनाच नाही, तेव्हा सरांनी आज म्हणायला हरकत नाही, असं तो हसत म्हणाला. लोकांनी हे वाक्य फार उचललं. आमच्या बँकेतल्या कित्येक साहेबांनी तर ते आपल्या स्वभावाचं प्रमाणपत्रच मानलं. पण त्याच भाषणात सर त्याला स्कूटरवर बसवून मुंबईत या मैदानावरून त्या मैदानावर सामने खेळायला घेऊन जात, हेही होतं. ते मात्र कुणी उचललं नाही. आचरेकरांचं न बोलणं तेवढं घ्यायचं आणि स्कूटर सोडून द्यायची, हा सौदा साहेब लोकांना बरा पडतो. सरांनी शाबास म्हटलं नाही, पण रोज उन्हात उभे राहिले. त्या मुलाला आणखी काय सांगायला हवं होतं? केबिनमध्ये पंख्याखाली बसून मौन पाळणाऱ्याने त्यांचं नाव घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या नम्रतेत आणखी एक लबाडी आहे. पंगतीत आपण 'नको, नको' म्हणत पानावर हात आडवा धरतो, पण बोटं जरा फाकलेली असतात. वाढणाऱ्याने आग्रह करावा आणि तिसरी जिलबी त्या फटीतून पडावी, अशी सोय ठेवून. ऑफिसातही आमचं तेच. 'त्यात काय एवढं' म्हणायचं, आणि समोरच्याने 'नाही हो, तुम्ही होतात म्हणून झालं' असं म्हणण्याची वाट पाहायची. जुन्या ऑफिसात आग्रह करणारा एखादा हेडक्लार्क असायचा. अप्रेझलचं पोर्टल आग्रह करत नाही. तुम्ही 'प्रयत्न केला' लिहिलंत की ते म्हणतं, सेव्ह्ड सक्सेसफुली.

आमच्या शाखेत एक सहकारी होता. आवाज खणखणीत. तो साधं व्हाउचर पास करायचा तेही बाहेर काउंटरवरच्या लोकांना कळायचं. इन्स्पेक्शनला माणसं आली की दारात हा. झोनल ऑफिसचा फोन आला की उचलायला हा. महिन्याच्या ठेवी वाढल्या की त्या किती वाढल्या आणि त्यातल्या आपण किती आणल्या, हे तो कुणी न विचारता आकड्यानिशी सांगायचा. आम्ही त्याच्या मागे त्याला हसायचो. तो पुढे गेला. आम्ही मागे हसत राहिलो. त्याच्याबद्दल एक गोष्ट आम्ही आपसांत कधी बोललो नाही, ती म्हणजे त्या ठेवी त्याने खरोखरच आणलेल्या असत. नुसत्या आवाजावर वर गेलेली माणसंही मी पाहिली आहेत. पण तेवढ्यावर प्रत्येक बोलणाऱ्याला पोकळ ठरवणं हे न बोलणाऱ्यांना सोयीचं पडतं, इतकंच.

मग मी भाचीची उलटतपासणी सुरू केली. सप्टेंबरमध्ये काय केलंस? काही विशेष नाही. गणपतीत दुसऱ्या दिवशी आरतीला तू नव्हतीस, तुझी आई चिडली होती. "हां, ते होय. प्रोडक्शनला प्रॉब्लेम आला होता." म्हणजे काय? असं एकेक करून बाहेर आलं. क्लायंटच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची फाइल पुढे जाईना. सकाळच्या आत ती गेली नसती तर हजारो लोकांचे पगार सुट्टीनंतरवर गेले असते. रात्रभर बसून हिने चूक शोधली. चूक दुसऱ्याच टीमच्या कामात होती.

"हे फॉर्ममध्ये कुठाय?"

"अरे, ते काय लिहायचं! कामच होतं ते. आणि आम्ही केलं ते, मी एकटीने नाही."

"आम्ही म्हणजे किती जण होतात?"

ती थोडी थांबली. "मी. आणि कॉफी मशीन."

या 'आम्ही'ने आमच्या कित्येक पिढ्यांच्या बढत्या खाल्ल्या आहेत. पूर्वी राजे स्वतःला आम्ही म्हणत, आता कारकून म्हणतो. राजाच्या 'आम्ही'त बाकीचे सगळे गडप होतात, कारकुनाच्या 'आम्ही'त तो स्वतः.

बरं, तिने मांडलेला पेच खोटा नव्हता. समर्थ स्तुती करू नको म्हणतात आणि कंपनी कर म्हणते. पण तेच समर्थ एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास खर्च करतात तो लेखनक्रियेवर. अक्षर कसं असावं, शाई कशी, कागद कसा, पानाच्या कडेला मोकळी जागा कशी सोडावी, इतकं बारीक. ज्यांनी स्वतःची टिमकी वाजवणाऱ्याला मूर्ख म्हटलं, त्यांनी नीट लिहून ठेवणाऱ्याला मूर्ख म्हटलेलं नाही. शिवाजी महाराजांच्या कारभारात तर वाकनीस नावाचा स्वतंत्र अधिकारी होता, दत्ताजी त्रिंबक, आणि रोज काय घडलं याची टिपणं ठेवणं हे त्याचं काम होतं. ज्यांच्याबद्दल जग बोलणारच होतं, त्यांच्याकडेसुद्धा नोंद ठेवायला माणूस नेमलेला होता.

आणि बँकेतल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. कॉम्प्युटर यायच्या आधी दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय आम्हाला घरी सोडत नसत. चार आण्यांचा फरक असला तरी रात्री नऊपर्यंत लेजरं उलटायची. गावच्या किराणा दुकानदाराचीही रोजकीर्द असायची. आज काय आलं, काय गेलं, ते आजच. मीठ विकलं म्हणून कीर्दीत लिहिलं तर दुकानदाराने बढाई मारली असं कुणी म्हणत नाही. भाचीला मी एवढंच सुचवलं, रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटायच्या आधी एक ओळ लिही. विशेषणं नकोत. काय अडलं होतं, तू काय केलंस, त्यामुळे काय झालं. मार्चमध्ये बारा महिने आठवत बसावं लागणार नाही, आणि तुझ्या मॅनेजरला, ज्याला फेब्रुवारीच्या आधीचं काही आठवत नाही, आयता मजकूर मिळेल.

श्रीनिवास रामानुजननी जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना जे पत्र पाठवलं, ते या बाबतीत मला कायम आदर्श वाटतं. ओळख करून देताना ते लिहितात की मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून, वर्षाला अवघे वीस पौंड पगार. यापेक्षा खाली वाकून कुणी काय सांगणार? पण त्यानंतर पानंच्या पानं प्रमेयं. मी गणितात किती बरा आहे, हे सांगण्यात पत्र खर्ची घातलं नाही. गणित समोर ठेवलं. तेवढ्यावर हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड दोघे ते कागद घेऊन बसले. रामानुजननी नुसती नम्रताच पाठवली असती तर हार्डींनी पत्र केराच्या टोपलीत टाकलं असतं आणि आपण पोर्ट ट्रस्टमधल्या एका मन लावून काम करणाऱ्या कारकुनाला कायमचे विसरलो असतो.

भाचीने अखेर पगाराच्या फाइलचं लिहिलं. तीन ओळी, पहिल्या ओळीत 'मी'. तो 'मी' तिने दोनदा खोडला आणि दोनदा लिहिला, असं तिच्या आईने नंतर मला सांगितलं. त्याखाली 'सुधारणेस वाव' असा रकाना होता. तो तिने माझ्या मदतीशिवाय, चौकट अपुरी पडेल इतका, घळघळा भरून काढला होता. त्यातली एक ओळ ठेवून बाकीचं सगळं मी काढायला लावलं. ती म्हणाली, "पण हे खरंय, मामा." असेना. दोषांची रोजकीर्द ठेवायला बाकीचं ऑफिस समर्थ असतं.

रेटिंग तिला मधलंच मिळालं. वरच्या जागा कुणा दुसऱ्या मॅनेजरच्या माणसांनी नेल्या. पण कॉलवर तुझ्या त्या तीन ओळी मी जशाच्या तशा वाचल्या, असं तिच्या मॅनेजरने तिला सांगितलं, आणि त्या रात्रीबद्दल त्याला स्वतःलाही त्या फॉर्ममधूनच पहिल्यांदा कळलं होतं. सहा महिने त्याला वाटत होतं की फाइल आपोआप गेली.

आता तुमच्या हाताखाली माणसं असतील तर एक विनंती. त्यांचा फॉर्म उघडायच्या आधी त्यांना एकदा समोर बसवून 'गणपतीत काय झालं होतं?' असं विचारा. निम्मी कामं पोर्टलवर येतच नाहीत. आणि तुमचा स्वतःचा फॉर्म भरायचा राहिला असेल तर आजच बसा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल चालत नाही.